मराठवाड्यात पहिली स्पोर्ट्स बाईक: शोरूमपासून पहिल्या घाटापर्यंत

सोयाबीनचे पैसे हातात आले की दसऱ्याच्या आसपास पोरं माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात, "दादा, कोणती घेऊ?" मी उलट तीन गोष्टी विचारतो. रोज कुठून कुठे जाणार? मागे कोण बसणार? आजवर कोणती गाडी चालवली? या तीन उत्तरांत निम्मी निवड होऊन जाते. रंग, टॉप स्पीड आणि मित्राकडे काय आहे हे त्यानंतर.

लातूर, बीड, नांदेडच्या रस्त्यांवर गेली बारा वर्षं मी फेअरिंगच्या, म्हणजे पुढून आणि बाजूंनी प्लास्टिकचं आवरण असलेल्या गाड्या चालवतोय. आजवर घरची स्प्लेंडर, शाईन किंवा स्कूटी चालवली आणि आता वाकून बसायची गाडी घ्यायची आहे, अशांसाठी हे लिहितोय. ही गाडी घ्यायला माझा विरोध नाही. उलट नीट शिकलात तर तिच्याइतका आनंद दुसरी गाडी देत नाही. पण तिच्या जाहिराती गुळगुळीत ट्रॅकवर काढलेल्या असतात आणि आपल्याला ती चालवायची असते काळ्या मातीच्या, उसाच्या ट्रॉल्यांच्या आणि खडी उखडलेल्या मुलखात.

लायसन्स आधी, गाडी नंतर

गिअरच्या गाडीसाठी वय १८ पूर्ण लागतं. लर्निंग लायसन्सचा अर्ज ऑनलाइन होतो, ते ६ महिने चालतं आणि मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. क्लाससाठी लातूरला खोली करून राहिलेल्या अकरावी-बारावीच्या मुलांच्या वडिलांनी हे जरूर वाचावं: २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. मुलाच्या हट्टापायी एवढं डोक्यावर घेऊ नका.

मधले ३० दिवस घरच्या जुन्या गाडीवर घालवा. क्लच अर्धा सोडून गाडी चालण्याच्या वेगाने नेणं, चढावर थांबून मागे न घसरता निघणं, न पाहता गिअर ओळखणं, एवढं १०० सीसीवर जमत नसेल तर महागड्या गाडीवर ते अचानक जमणार नाही.

कोणती गाडी

स्प्लेंडरची ताकद साधारण ८ पीएस (अश्वशक्ती). यामाहा आर-१५ ची साधारण १८, केटीएम आरसी २०० ची २५ आणि आरसी ३९० ची ४३ च्या पुढे. म्हणजे स्प्लेंडरवरून थेट ३९० वर उडी मारलीत, तर हाताच्या एका चुकीला पाचपट ताकदीचं उत्तर मिळतं. खड्ड्यात चाक आपटलं की नवख्याचं मनगट आपोआप पिळलं जातं आणि गॅस वाढतो. छोट्या गाडीवर त्या चुकीने गाडी जराशी उसळते, मोठ्या गाडीवर ती समोरच्या ट्रॅक्टरपर्यंत पोचते.

म्हणून माझं स्पष्ट मत: पहिली स्पोर्ट्स बाईक १५० ते २०० सीसीचीच घ्या. आर-१५, सुझुकी जिक्सर एसएफ, पल्सर आरएस २०० या वर्गातल्या. गिअरच्या गाडीवर दोन-तीन वर्षं रोज हात चालला असेल, तर जिक्सर एसएफ २५० किंवा हिरो करिझ्मा एक्सएमआर बघायला हरकत नाही. अपाचे आरआर ३१०, निंजा ३०० किंवा आरसी ३९० दुसऱ्या गाडीसाठी ठेवा.

या वर्गातही फरक आहेत. जिक्सर एसएफ १५० ची ताकद १३-१४ पीएसच आहे, म्हणून पोरं तिला नाक मुरडतात. पण तिचं हँडल वर आहे आणि सीट ७९५ मिलिमीटरवर. अहमदपूरहून लातूरला रोज येणाऱ्या, पाच फूट चार इंचाच्या मुलाला मी तीच सांगेन. आर-१५ ची सीट ८१५ वर, वजन मात्र १४१-१४२ किलोच, आणि वळणावर तिच्यासारखी भरवशाची गाडी या किमतीत नाही. पण हँडल खाली असल्याने मनगटावर आणि मानेवर भार येतो. शोरूममध्ये दोन मिनिटं बसून हे कळत नाही. निदान वीस मिनिटं बसा, दोन्ही पाय टेकतात का बघा, गाडी बंद ठेवून पायांनी मागे ढकलून बघा, हँडल पूर्ण वळवून बघा. या गाड्यांचं हँडल कमी वळतं. गल्लीत एका दमात वळणारी शाईन आठवून इथे वळायला जाल, तर गाडी उभ्या उभ्या आडवी होते. नवीन गाडीचा पहिला ओरखडा बहुतेक असाच पडतो.

टेस्ट राइड शक्यतो दुपारी घ्या. मे महिन्यात पारा ४२ वर असताना लातूरच्या गंजगोलाई बाजाराच्या गर्दीत रेडिएटरचा पंखा पायांवर जो झोत सोडतो, तो आधी अनुभवलेला बरा.

मागे आई किंवा बायको बसणार असेल तर तिलाही सोबत न्या. या गाड्यांची मागची सीट उंच, छोटी आणि उतरती असते. नऊवारी असो की पाचवारी, एका बाजूला पाय टाकून तिच्यावर सुखाने बसता येत नाही. घरात दुसरी गाडी नसेल आणि बाजार, दवाखाना, लग्नकार्य सगळं याच गाडीवर होणार असेल, तर याच इंजिनांच्या बिनफेअरिंगच्या गाड्या मिळतात: आर-१५ ऐवजी एमटी-१५, आरसी ऐवजी ड्यूक. ताकद तीच आणि बसणं सरळ. मागची सीट मात्र त्यांचीही बसूनच बघा.

सर्व्हिस सेंटर किती लांब आहे, हे किमतीइतकंच महत्त्वाचं. नेहमीच्या कंपन्यांचं काम जिल्ह्याच्या गावी होतं. महागड्या कंपन्यांसाठी कधी संभाजीनगर, कधी पुणे गाठावं लागतं. बुकिंगआधी वर्कशॉपला फोन करून एवढंच विचारा: पुढचा ब्रेक लिव्हर आणि डाव्या बाजूचं फेअरिंग किती दिवसांत मिळेल? गाडी पडली की लिव्हर आणि फेअरिंगच आधी जातात.

पैशाचा हिशेब

एक्स-शोरूम किमतीवर रोड टॅक्स, नोंदणी आणि विमा चढतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के आणि त्यावरच्यांवर ४० टक्के आहे, म्हणजे आपला वर्ग स्वस्त बाजूला पडतो. कोटेशन लेखी घ्या आणि एकेक ओळ विचारा. माझ्या पहिल्या गाडीच्या बिलात एका विक्रेत्याने हँडलिंगच्या नावाखाली काही हजार लावले होते. ते कशाचे, असं मी विचारलंच नाही आणि भरून मोकळा झालो. विचारलं असतं तर ती ओळ गेली असती, हे नंतर मित्रांच्या बिलांवरून कळलं.

कर्ज काढताना फ्लॅट रेटचा घोळ समजून घ्या. दीड लाख, तीन वर्षं, "फक्त १० टक्के फ्लॅट" असं सांगतात. वर्षाला १५ हजार व्याज, तीन वर्षांचं ४५ हजार, एकूण फेड १ लाख ९५ हजार, हप्ता साधारण ५,४१७. पण दर महिन्याला मुद्दल कमी होत असतं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण दीड लाखावर लागतं. बँकेच्या घटत्या शिलकीच्या पद्धतीने हाच दर १८ टक्क्यांच्या आसपास पडतो. म्हणून दोन ठिकाणचे दर ताडताना टक्का बाजूला ठेवा आणि एकूण फेडीचा आकडा विचारा.

विमा शोरूमचाच घ्यायची सक्ती नसते. नव्या दुचाकीला ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा बंधनकारक आहे, स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारा भाग वेगळा. तिथे झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा न कापणारा विमा घ्याच. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा पहिल्या दिवसापासून कापतात आणि स्पोर्ट्स बाईकचं अंग म्हणजे जवळजवळ सगळं प्लास्टिकच.

अंगावरच्या साहित्याचे १५ ते २० हजार बजेटमध्ये आधीच बाजूला काढा. त्यासाठी एक मॉडेल खालचं घ्यावं लागलं तर घ्या. आयएसआय शिक्क्याचं फुल-फेस हेल्मेट, गालांना घट्ट बसणारं, डोकं हलवल्यावर सोबत हलणारं. बोटांच्या गाठींवर संरक्षण असलेले हातमोजे. जाळीदार जॅकेट, कारण आपल्या उन्हात चामड्याचं जॅकेट दोन दिवसांत खुंटीवर जातं. घोटा झाकणारे बूट. आणि उन्हासाठी गमछा किंवा उपरणं बांधत असाल तर त्याची टोकं जॅकेटच्या आत खोचा. मागे बसणाऱ्या बाईच्या ओढणीचं आणि पदराचंही तसंच. उघडी चेन आणि मोकळं टोक यांची गाठ पडली की गळ्याला फास बसतो.

जुनी घ्यायची असेल तर

दोन-तीन वर्षं वापरलेली आर-१५ पहिल्या गाडीसाठी उत्तम सौदा असू शकते, फक्त ती पडलेली आहे का हे ओळखता आलं पाहिजे. रंग आणि स्टिकर नवीन बसवता येतात, म्हणून तिकडे बघूच नका. हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवून फ्रेमवरचा अडथळ्याचा उंचवटा चेपलाय का बघा. फूटरेस्टची टोकं, लिव्हरची टोकं, हँडलच्या टोकाची वजनं घासलेली आहेत का बघा. पुढच्या शॉकअपच्या दांड्यांवर तेलाचा ओघळ नको. पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरवा, मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर बेअरिंग गेलंय. सपाट रस्त्यावर हळू वेगात गाडी एका बाजूला ओढत असेल तर सौदा सोडा, किंमत कितीही पाडली तरी.

कागदांत इंजिन आणि चासी नंबर आरसीशी (नोंदणीच्या कागदाशी) स्वतः जुळवा. एमपरिवहन अ‍ॅपवर विमा आणि थकलेली ई-चलनं बघा. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर फायनान्सचं एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. विमाही १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या. "गाडी माझ्याच नावावर राहू द्या, काही होत नाही" असं म्हणणारा विकणारा स्वतःचंही नुकसान करतोय आणि तुमचंही.

डिलिव्हरी

दसऱ्याला किंवा पाडव्याला शोरूममध्ये एका दिवसात इतक्या गाड्या बाहेर पडतात की तपासणीला कुणाला वेळ नसतो. पूजा मुहूर्तावर करा, पण गाडी आदल्या दिवशी उजेडात बघून ठेवा. उत्पादनाचा महिना, टायरवरची तारीख, दोन्ही ब्रेक, सगळे दिवे, नटबोल्ट. टायरमध्ये हवा किती, हे स्वतः मोजा.

नवीन टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतात. शोरूममधून निघताना पहिल्याच चौकात गाडी तिरकी घालू नका. पहिल्या १,००० किलोमीटरपर्यंत इंजिन फार ताणायचं नाही आणि एकाच वेगावर तासन् तास ठेवायचं नाही. आकडे पुस्तिकेत दिलेले असतात, तेच पाळा.

आधी थांबायला शिका

वेग सगळ्यांना येतो, मनगट पिळलं की झालं. शिकायचं असतं ते थांबणं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी एमआयडीसीचा एखादा रिकामा, कोरडा, खडी नसलेला रस्ता गाठा. चुन्याने रेघ मारा. ३० च्या वेगाने या आणि रेघेवर ब्रेक लावा. पुढचा ब्रेक झटका देऊन ओढायचा नाही, लिंबू पिळतो तसा आधी हलका आणि मग वाढता दाब द्यायचा. ब्रेक लावताना गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. "पुढचा ब्रेक लावला की माणूस उलटतो" हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगितलं गेलंय, आणि त्यापायी लोक फक्त मागचा दाबून घसरत ट्रकखाली गेलेत. नजर समोर लांब, गुडघे टाकीला घट्ट, कोपर सैल. रोज दहा वेळा, आठवडाभर. मग ४०, मग ५०. एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) एकदा तरी मुद्दाम चालू होऊ द्या, म्हणजे लिव्हरची थरथर ओळखीची होईल आणि खऱ्या प्रसंगी घाबरून हात सुटणार नाही. सैल खडीवर मात्र एबीएस गाडी लवकर थांबवत नाही, तिथे वेग आधीच कमी हवा.

हिशेब ध्यानात ठेवा. ४० च्या वेगाला मेंदूला कळून हात हलेपर्यंत एका सेकंदात ११ मीटर जातात आणि ब्रेकचे आणखी १० धरा. ८० ला त्या सेकंदात २२ मीटर आणि ब्रेकचे ४०. वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं. लो बीमचा उजेड साधारण ४०-५० मीटर पडतो. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की रात्री बिनदिव्याची, मागे रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली त्याच उजेडाच्या टोकाला दिसते. ८० ला असाल तर ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून उसाच्या हंगामात मी रात्री ५० च्या वर जात नाही, मागचा माणूस कितीही डिपर मारो.

वळण्याचं तंत्र बऱ्याच जणांना कुणी सांगितलेलंच नसतं. ३०-४० च्या वर गाडी वजन टाकून नव्हे, हँडल ढकलून वळते. उजवीकडे जायचं तर उजवं हँडल हलकेच पुढे ढकला, गाडी उजवीकडे झुकते. सरळ रिकाम्या रस्त्यावर करून बघा, विश्वास बसेल. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात नाही. आणि जिथे जायचंय तिथे बघा. खड्ड्याकडे बघत राहिलात तर गाडी खड्ड्यातच जाते.

आपल्या रस्त्यांची ओळख

माझी सगळ्यात वाईट पडझड पावसात नाही, कोरड्या दुपारी झाली. चाकूरच्या पुढे रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलं होतं. बाजूने दाणे सांडलेले दिसलेच नाहीत, वेग ६५ असेल. पुढचं चाक छऱ्यांवर गेल्यासारखं सरकलं आणि मी रस्त्यावर. खांदा सहा आठवडे बांधलेला होता. तेव्हापासून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रस्त्याच्या कडेला ताडपत्री, दगडांची रांग किंवा मळणीयंत्र दिसलं की मी ३० वर येतो. दाण्यांवरून जावंच लागलं तर ब्रेक नाही, वळण नाही, गॅस नाही. क्लच धरून सरळ निघायचं. शेतकऱ्याला शिव्या देऊ नका, त्याच्याकडे खळं उरलेलं नाही.

मृगाचा पहिला पाऊस जुन्या तेलाला आणि धुळीला वर आणतो. पहिला अर्धा तास थांबा, कुठेतरी चहा घ्या. पुढे पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर येतात आणि टायरची काळी माती डांबरावर सोडून जातात. तिच्यावर पाणी पडलं की साबण. हे पट्टे नेहमी शेतरस्ता जिथे मिळतो तिथेच असतात, तेव्हा कडेला चिखलाची वाट दिसली की सावध व्हा.

बंद पडलेल्या ट्रकमागे लावलेले दगड ट्रक गेल्यावरही रस्त्यातच राहतात. नवरात्रात आणि कोजागरीच्या आधी तुळजापूरच्या सगळ्या रस्त्यांनी रात्रभर माणसं अनवाणी चालत असतात, आषाढीला दिंड्या. त्या दिवसांत रात्रीची गाडी नकोच. कुत्रं अंगावर आलं तर पाय मारू नका, आधी हळू व्हा आणि ते जवळ आलं की पुढे निघा, त्याचा अंदाज चुकतो. समोरून लक्झरी किंवा ट्रक जोरात आला की वाऱ्याचा धक्का फेअरिंगवर बसतो. हात घट्ट आवळले तर तो हँडलपर्यंत पोचतो, म्हणून कोपर सैल आणि गुडघे घट्ट.

समृद्धी महामार्गाची स्वप्नं बघू नका, तिथे दुचाकीला बंदी आहे.

देखभाल

दोनच गोष्टी मनावर घ्या, बाकी सर्व्हिसवाला बघेल. हवा आठवड्यातून एकदा, सकाळी टायर थंड असताना, गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे. दुपारी तापलेल्या टायरमध्ये आकडा जास्त दिसतो, तेव्हा हवा सोडू नका. बाभळीच्या काट्यांचा मुलूख आहे, ट्यूबलेसचं पंक्चर किट आणि छोटा पंप सीटखाली किंवा पाठीवर असू द्या. चेन दर ५०० किलोमीटरला पुसून तेल द्या, पावसाळ्यात त्याहून लवकर. ती साफ करताना इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चाक फिरवायचं नाही, कधीच नाही. अशाने बोटं गेलेली माणसं प्रत्येक गॅरेजमध्ये भेटतील. चाक हाताने फिरवा.

पहिला घाट

हजार किलोमीटर झाले, पहिली सर्व्हिस झाली, ब्रेकचा सराव झाला, मग घाट. लातूर-धाराशिवकडच्यांना तुळजापूरचा घाट जवळ, बीडकरांना मांजरसुंब्याचा. संभाजीनगरकडून निघणार असाल तर वेरूळवरून कन्नड साधारण ६० किलोमीटर, आणि पुढे चाळीसगावकडे उतरणारा औट्रम घाट.

पहाटे उजाडताना निघा, दहाच्या आत परत या. एकटे जा किंवा तुमच्याहून हळू चालवणाऱ्या माणसाबरोबर. पुढच्याला गाठायच्या नादात नवखा आपल्या कुवतीबाहेर जातो. उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये राहा आणि इंजिनालाच वेग धरू द्या, सतत ब्रेक दाबून ठेवला तर तो तापून बोथट होतो. आंधळ्या वळणावर आपल्या लेनच्या डाव्या अर्ध्यात राहा. समोरून वर येणारी गाडी वळणात तुमची बाजू खाते, आणि गाडी तिरकी असली की डोकं मधल्या पट्टीच्या पलीकडे जातं. माकडांना खाऊ घालायला थांबलेल्या गाड्यांपासून लांब राहा.

वर आल्यावर थांबा, पाणी प्या, मनगटं हलवा. मग टायरच्या कडा बघा. रबराची न घासलेली पट्टी दोन्ही बाजूंना दोन बोटं शिल्लक दिसेल. मित्र त्यावरून चिडवतील. ती पट्टी तशीच राहू द्या, पावसात अचानक काही आडवं आलं तर तेवढीच जागा तुमच्या हाताशी असते.